दगडाचा गज लोखंडाच्या जागी चालतो का? बेसाल्ट फायबर सोप्या भाषेत

कराडच्या खाली कृष्णाकाठच्या एका गावात सध्या माझं एक काम चालू आहे, नवीन घर आणि त्याच्या मागं दहा-बारा जनावरांचा गोठा. घरमालकांना सगळं गाव तात्या म्हणतं म्हणून मी पण तात्याच म्हणतो. मागच्या महिन्यात फुटिंगचे खड्डे झाले आणि लोखंडाची ऑर्डर द्यायची वेळ आली तेव्हा तात्यांनी मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. व्हिडिओत एक माणूस काळ्या गजांचा अख्खा बंडल एका हातात उचलून दाखवतोय, खाली लिहिलंय "दगडापासून बनलेला गज, लोखंडाच्या दुप्पट ताकद, वजन चौथा हिस्सा, कधीच गंजत नाही". तात्या म्हणाले, "साहेब, आपल्या डोंगरात दगडाला काय तोटा हाय का? मग आपण लोखंड कशाला आणतोय बाहेरनं?"

प्रश्न अगदी सरळ आहे आणि मला तो आवडला, कारण व्हिडिओतली एकही गोष्ट खोटी नाही. दुप्पट ताकद खरी, चौथा हिस्सा वजन खरं, गंज नाही हेही खरं. तरी मी तात्यांना घराच्या कॉलम-बीमला तो गज घालू देणार नव्हतो, आणि का ते उभ्या उभ्या पाच मिनिटांत सांगता येईना म्हणून आम्ही खड्ड्याच्या कडेला बसूनच बोललो. तेच इथे जरा नीट लिहितोय, कारण सातारा-सांगलीकडचे चार-पाच जण तरी मला हाच व्हिडिओ पाठवून हेच विचारून गेलेत.

## आधी दगड बघू

आपल्याकडं ज्याला काळा पाषाण किंवा काळा फत्तर म्हणतात तोच बेसाल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, असे थरावर थर साचत दख्खनचं पठार तयार झालं. आजही तो दगड जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. यवतेश्वरचा घाट चढताना डोंगराच्या कापलेल्या बाजूला जे आडवे पट्टे दिसतात ते हेच थर. कोयनेच्या भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल बोअर मारले तेव्हा साधारण एक किलोमीटर खाली जाईपर्यंत बेसाल्टच लागत होता, त्याच्या खाली ग्रॅनाइट. आपण सातारकर शब्दशः बेसाल्टच्या ढिगावर राहतो.

हा दगड दाबाला पक्का असतो. लिंबची बारामोटेची विहीर बघा, तीनशे वर्षं झाली, घडीव दगड एकमेकांवर बसलेत ते तसेच आहेत. पण हाच दगड ओढीला कच्चा. लांब दगडी पट्टी दोन टोकांवर टेकवून मधे वजन ठेवलं की तिची खालची बाजू ताणली जाते आणि पट्टी खालून तडकते, म्हणून तर जुन्या लोकांनी मोठ्या अंतराला पट्टी न टाकता कमानी बांधल्या. काँक्रीटचंही तेच आहे, तो पण एक प्रकारचा दगडच, दाबाला चांगला आणि ओढीला कच्चा. ओढ सांभाळायला आपण त्यात सळई घालतो. मग जो दगड स्वतः ओढीला कच्चा त्याचाच गज करून ओढीला लावायचा हे कसं जमतं? जमतं, पण त्यासाठी दगडाचा धागा करावा लागतो.

## दगडाचा धागा

तिळाच्या लाडवाचा पाक करताना आई दोन बोटांत पाक धरून बोटं लांब करते आणि तार आली का बघते. दगडाचंही तसंच आहे, फक्त गॅस लय मोठा लागतो. बेसाल्ट बारीक करून, धुऊन भट्टीत साधारण १,४५० ते १,५०० अंश सेल्सिअसला वितळवतात. तो पातळ झाला की प्लॅटिनम आणि ऱ्होडियमच्या पत्र्याला पाडलेल्या शेकडो बारीक भोकांतून खाली सोडतात आणि खालून वेगानं ओढून रिळावर गुंडाळतात. हा धागा ९ ते २० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्यावरचा केस त्याच्यापेक्षा तीन-चार पट तरी जाड. निसर्गातही हे घडतं, हवाई बेटांवर उसळत्या लाव्ह्याचे थेंब वाऱ्यानं ताणले जाऊन सोनेरी बारीक धागे होतात आणि तिथले लोक त्याला पेले देवीचे केस म्हणतात.

आता खडीसाखर आणि चिक्की आठवा. दोन्ही साखरच. पाक सावकाश ठेवला तर स्फटिक धरतात, ती खडीसाखर, आणि पटकन गार केला तर स्फटिक धरायला वेळच मिळत नाही, काचेसारखा पातळ तुकडा होतो. डोंगरातला बेसाल्ट सावकाश गार झालाय म्हणून तो खडीसाखरेसारखा स्फटिकांचा बनलाय. धागा क्षणात गार होतो म्हणून तो काचेसारखा असतो. आणि मोठ्या दगडात जागोजाग बारीक चिरा असतात, ओढ आली की तिथून तडा धावतो, पण केसापेक्षा बारीक धाग्यात मोठी चीर मावतच नाही. दगड ओढीला कच्चा आणि त्याचाच धागा ओढीला पक्का, याचं कारण हे एवढंच.

काचेचा धागा, म्हणजे आपल्या पाण्याच्या टाक्यांचं आणि पत्र्यांचं फायबर, करायला वाळू, चुनखडी आणि इतर चार पदार्थ मोजून मिसळावे लागतात. बेसाल्टला बाहेरचं काही मिसळावं लागत नाही, निसर्गानं मिश्रण करूनच ठेवलंय. पण वितळलेला बेसाल्ट काळा असतो, उष्णता त्यातून आरपार जात नाही, घट्ट पिठलं जसं एका बाजूनं रटरटतं आणि मधे कच्चं राहतं तसं होतं, त्यामुळे भट्टी चालवणं काचेच्या भट्टीपेक्षा अवघड.

ही कल्पना काही काल-परवाची नाही. पॉल ध्ये नावाच्या पॅरिसच्या माणसाला अमेरिकेत १९२३ साली याचं पेटंट मिळालं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत युनियननं लष्करी आणि अवकाशाच्या कामासाठी यावर गुपचूप संशोधन केलं, १९८५ ला युक्रेनमधे औद्योगिक भट्टी चालू झाली आणि नव्वदच्या दशकात हे सगळं साध्या वापरासाठी खुलं झालं. आपल्यापर्यंत रीलमधून आता येतंय एवढंच.

## धाग्याचा गज कसा होतो

नुसता धागा काँक्रीटमधे गजाचं काम करत नाही. हजारो धागे एकत्र घेऊन चिकट रसायनात, म्हणजे रेझिनमधे बुडवून, गरम साच्यातून ओढून काढतात. रेझिन एकदा घट्ट झालं की झालं, परत गरम करून वाकवता येत नाही. वरून धागा गुंडाळून किंवा वाळू चिकटवून खरखरीतपणा आणतात, काँक्रीटला पकड मिळावी म्हणून. तयार गजात वजनानं साधारण तीन चतुर्थांश किंवा थोडं जास्त दगड असतो आणि बाकी रेझिन.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण "दगडाचा गज" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अख्खा दगड येतो आणि मग आगीत काय होणार, दगडाला काय होतंय असं वाटतं. तो दगड आणि डिंक यांचा मिळून गज आहे, आणि पुढच्या निम्म्या अडचणी त्या डिंकाच्या आहेत.

## ताकद दुप्पट, मग सळ्या निम्म्या का नाहीत?

हा खरा प्रश्न आहे आणि इथंच सगळे फसतात, म्हणून जरा सावकाश.

१२ एमएमची आपली नेहमीची ५०० ग्रेडची टीएमटी सळई घ्या. तिला ओढत गेलं तर साधारण साडेपाच टनाला ती कायमची लांबायला लागते. त्याच जाडीचा बेसाल्टचा गज दहा-अकरा टनापर्यंत जातो. वजनात बघायचं तर १२ मीटरची ती सळई साडेदहा किलोच्या वर भरते आणि बेसाल्टचा गज पावणेतीन किलोच्या आसपास. इथपर्यंत व्हिडिओ बरोबर.

आता त्याच दोन गजांना तेवढाच साडेपाच टनाचा ताण द्या आणि ते किती लांबतात ते बघा. एक मीटर लोखंड अडीच मिलिमीटर लांबेल. एक मीटर बेसाल्ट दहा मिलिमीटरच्या आसपास. चौपट! म्हणजे ताकद जास्त पण ताठपणा चौथा हिस्सा. सेंटरिंगवाल्याच्या बांबूचा अनुभव सगळ्यांना आहे, बांबू सहसा मोडत नाही पण दोन माणसं मधे उभी राहिली की वाकतो, लोखंडी पहार तेवढी वाकत नाही. बेसाल्टचा गज आणि सळई यांच्यात असाच फरक आहे.

आणि काँक्रीट लांबायला अजिबात तयार नसतं, मीटरमागं एक दशांश मिलिमीटर लांबलं की त्याला तडा जातो. तडा लोखंड घातलेल्या स्लॅबलाही जातो, बारीक, डोळ्याला न दिसणारा, कारण लोखंड लगेच ताठ उभं राहून तो रुंद होऊ देत नाही. बेसाल्टचा गज लांबत राहतो, तडा रुंद होतो, स्लॅबला झोळ येतो. पडणार नाही कदाचित, पण खाली झोपणाऱ्या माणसाला झोप लागेल का? म्हणून स्लॅब-बीमचं डिझाईन करताना बेसाल्ट तुटेल का हे बघायच्या आधी तो किती झुकेल हे बघावं लागतं, आणि झोळ आवरायचा तर बऱ्याचदा लोखंडाएवढेच, कधी त्याहून जास्त गज घालावे लागतात. निम्म्या गजात काम होईल असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडं स्लॅबचं डिझाईन मागा, कागदावर, सहीसकट.

अजून एक. हा गज कायम ताणलेला ठेवला की वर्षानुवर्षांनी त्याची ताण धरायची क्षमता कमी होत जाते, त्यामुळे डिझाईनमधे कायमच्या वजनासाठी त्याच्या ताकदीचा थोडाच हिस्सा धरायची परवानगी असते. व्हिडिओतला दुप्पटचा आकडा एका झटक्यात ओढून तोडल्याचा आहे, घर पन्नास वर्षं उभं राहायचं आहे.

## मोडायच्या आधी सांगत नाही

माझ्याकडं सॅम्पलचे दोन-तीन तुकडे होते, ८ एमएमचे. तात्यांना दाखवायला साईटवर घेऊन गेलो. बारबेंडिंगवाला पोरगा हुशार, त्यानं रिंगा, म्हणजे कॉलम-बीमच्या सळ्यांना बाहेरून वेढणारी कडी, वाकवायच्या चावीत एक तुकडा धरला आणि वळवला. गज वाकला, सोडला की परत सरळ. परत वळवला जरा जास्त, परत सरळ. तिसऱ्यांदा त्यानं जोर लावला आणि कट्‌ करून आवाज झाला. तुटलेलं टोक बघितलं तर घाण्यातून निघालेल्या उसाच्या चिपाडासारखं, चोयट्या चोयट्या बाहेर आलेल्या, आणि बोटाला लागल्या तर खाजणाऱ्या. शेजारीच त्यानं ८ एमएमच्या सळईची रिंग केली, ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

त्या रिंगेत घराचा जीव असतो. लोखंड एका मर्यादेनंतर तुटत नाही, वाकतं आणि लांबतं, एका मीटरला पाच-सहा सेंटीमीटर तरी लांबेल तेव्हा कुठं तुटायच्या वाटेला लागतं. इंजिनिअरिंगमधे याला डक्टिलिटी म्हणतात. भूकंपात घर हलतं तेव्हा ती सगळी ऊर्जा कुठंतरी जिरावी लागते, लोखंड वाकून-लांबून ती जिरवतं, भिंतींना भेगा पडतात, प्लास्टर गळतं आणि माणसाला बाहेर पळायला वेळ मिळतो. बेसाल्टचा गज मीटरमागं दोन सेंटीमीटर लांबेपर्यंत स्प्रिंगसारखा वागतो आणि मग एकदम तुटतो. मधली पायरीच नाही.

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्या आज्या-आजोबांनी पहाटेच्या अंधारात सोसलाय, आणि अजूनही पाटण, कराडकडं मधून मधून भांडी वाजतात. भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीटच्या घरांसाठी आपल्याकडं आयएस १३९२० नावाचा वेगळा कोड आहे आणि तो सगळा लोखंडाच्या वाकण्यावर उभा आहे, रिंगेचं टोक किती अंशात आत वळवायचं इथपर्यंत. जो गज साईटवर वाकवला तरी वाकलेला राहतच नाही त्याच्या रिंगा करायच्या कशा? कारखान्यातून वाकवून आणता येतात, पण वाकवलेल्या ठिकाणी ताकद बरीच कमी झालेली असते. म्हणून माझं मत पक्कं आहे, कॉलम आणि बीमला लोखंडच, आणि आपल्या भागात तर जास्तच.

## गंजाचं मात्र खरं आहे

इथं मी बेसाल्टच्या बाजूनं बोलणार, कारण गंज काय करतो हे मी माझ्या आजोळी बघितलंय. मामांचा गोठा, वर स्लॅब, खाली कोबा. बांधणाऱ्या ठेकेदारानं कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरायचे छोटे ठोकळे, ठेवलेच नव्हते, सळई शटरिंगच्या प्लायला टेकलेली, वर काँक्रीट ओतलं आणि झालं. पंधरा वर्षांत खालून लादीएवढे तुकडे पडायला लागले, एकदा म्हैस उभी होती तिच्या पाठीवर पडला. वर बघितलं तर सळई पानासारखी पापुद्रे सुटलेली, हातानं सोलली तर निघत होती.

लोखंड गंजलं की त्याचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आतून फुगतो आणि काँक्रीट फोडतो. नवीन काँक्रीट अल्कलीयुक्त असतं, साबणाच्या पाण्यासारखं पण त्याहून बरंच कडक, आणि त्यामुळे लोखंडावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ते अल्कलीपण घालवतो आणि क्षार तो थर मोडतात. गोठ्यात गोमूत्र, शेणाचा ओलावा, धुण्याचं पाणी, चोवीस तास. आणि वाळवा, मिरजेकडं क्षारपड झालेली जमीन आहे, कडक उन्हात वर पांढरा थर दिसतो, तिथं जमिनीतल्या काँक्रीटला तोच त्रास. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगली कित्येक दिवस पाण्यात होती ते वेगळंच.

बेसाल्टच्या गजाला गंज नाही. "पण दगडात लोखंड असतंच की", हा प्रश्न मला एका शाळेच्या सरांनी विचारला. बरोबर आहे, बेसाल्टमधे दहा टक्क्यांच्या आसपास लोखंडाची ऑक्साइडं असतात, त्यामुळेच तो काळा आणि जड आहे. पण ते लोखंड आधीच ऑक्सिजनशी बांधलं गेलंय, काचेच्या जाळ्यात पक्कं बसलंय, सळईतल्या मोकळ्या लोखंडासारखं ते फुगून काँक्रीट फोडत नाही.

पण ज्या अल्कलीपणामुळे लोखंड वाचतं त्याच अल्कलीपणाचा दगडाच्या धाग्याला त्रास होतो. उघडा धागा काँक्रीटच्या अल्कलीत वर्षानुवर्षं राहिला तर झिजतो. गजात रेझिन त्याला सांभाळतं, म्हणून रेझिन चांगल्या प्रतीचं पाहिजे, इपॉक्सी किंवा व्हिनिल एस्टर, स्वस्तातलं पॉलिस्टर नको. आणि बाजारात बारीक तुकडे केलेले सुटे धागे पाकिटात मिळतात काँक्रीटमधे मिसळायला, ते सुरुवातीच्या दिवसांत उन्हानं पडणाऱ्या बारीक भेगा कमी करायला उपयोगी आहेत, पण त्याच्या भरवशावर सळई कमी करायची नाही.

## आगीत काय?

धागा एकटा आगीत उत्तम, सायलेन्सरला गुंडाळायच्या पट्ट्या आणि आग अडवणारी कापडं याचीच होतात, आणि व्हिडिओत गॅसच्या ज्योतीवर धरलेला असतो तो नुसता धागा. गजातलं रेझिन मात्र शंभर-सव्वाशे अंशाला मऊ पडायला लागतं, म्हणजे उकळत्या पाण्याच्या थोडं वर. मऊ पडलं की धाग्यांना एकत्र धरून ठेवणारं काही उरत नाही आणि काँक्रीटवरची पकड सुटते. जमिनीवरच्या कोब्याला याची फिकीर नाही, तो पडून पडणार कुठं, पण डोक्यावरच्या स्लॅबला आहे.

## हे ॲस्बेस्टॉससारखं तर नाही ना?

नाही. ॲस्बेस्टॉसचे तंतू उभे चिरत चिरत इतके बारीक होतात की फुप्फुसात खोल जाऊन बसतात. बेसाल्टचा धागा ९ मायक्रॉनच्या वर जाड असतो आणि तो आडवा तुटतो, उभा चिरत नाही. तरी ग्राइंडरनं कापताना उडणारी धूळ आणि चोयट्या त्रासदायक असतातच, हातमोजे, गॉगल आणि मास्क घालूनच कापायचं, साईटवरच्या पोरांना हे आपणच आणून द्यायचं. कातरीनं दाबून तोडायचा नाही, टोक चिरडतं.

## मग आपल्या डोंगरातला दगड का नाही?

तात्यांच्या प्रश्नाचा हा मुख्य भाग. खाणीतला सगळा काळा दगड धाग्याला चालत नाही. एकाच घाटात एक थर घट्ट आणि दुसरा छिद्रांचा, त्या छिद्रांत पांढऱ्या गारगोट्या भरलेल्या, पोरं खडी क्रशरच्या ढिगातून त्या गोळा करतात बघा. खडीला असला दगड कसातरी चालून जातो पण भट्टीत वेगवेगळे खनिज वेगवेगळ्या तापमानाला वितळतात आणि एक कण जरी न वितळता भोकापाशी आला तर धागा तुटतो. सिलिका किती, लोखंड किती, वितळल्यावर पाक किती घट्ट राहतो, हे सगळं ठरावीक मापात असावं लागतं आणि रोज तेच राहावं लागतं. आपल्या पठारात योग्य थर नसतीलच असं अजिबात नाही, पण ते थर शोधून, तपासून, वेगळे काढायला लागतील. त्यात भट्टी एकदा पेटवली की बंद ठेवता येत नाही, भोकांचे पत्रे प्लॅटिनमचे. क्रशर टाकण्यासारखं हे काम नाही. रशिया, युक्रेन, चीन हे यात आधीपासून आहेत. माझी मनापासून इच्छा आहे की आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी एकेका घाटातले थर घेऊन हे तपासावं, दगड दारात पडलाय.

## घ्यायचाच असेल तर

जमिनीवर टेकलेलं आणि ओलं राहणारं काम ही याची हक्काची जागा. गोठ्याचा कोबा, गोदामाची फरशी, पाटाचं अस्तर, गटारीच्या भिंती, अंगणातला काँक्रीटचा रस्ता. पाण्याच्या टाकीला किंवा मातीचा दाब घेणाऱ्या भिंतीला चालतो, पण त्याचं डिझाईन या गजाच्या हिशोबानं वेगळं करून घ्यायचं, लोखंडाच्या नकाशात नुसतं नाव बदलून नाही. एमआरआय मशीनच्या खोलीत किंवा विजेच्या मोठ्या उपकरणांखाली तर हा लोखंडापेक्षा सरस, कारण चुंबकाला आणि करंटला दोन्हीला दाद देत नाही.

भाव किलोवर विचारू नका, मीटरवर विचारा. किलोला तिप्पट सांगितला तरी वजन चौथा हिस्सा असल्यामुळे मीटरला तो स्वस्त पडू शकतो, आणि उलट ताठपणासाठी गज वाढले की परत महागही होऊ शकतो, म्हणजे अख्ख्या कामाचा हिशोब मांडल्याशिवाय स्वस्त-महाग कळत नाही. आपला नेहमीचा काँक्रीटचा कोड आयएस ४५६ हा लोखंडासाठी लिहिलेला आहे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचा असल्या गजांचा पूर्ण कोड २०२२ ला आला तोही काचेच्या धाग्याच्या गजासाठी. म्हणजे बेसाल्टच्या गजाला विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा त्या लॉटचा लॅबचा रिपोर्ट जास्त महत्त्वाचा, त्यात नुसती ताकद नाही तर इलास्टिक मोड्युलस, म्हणजे ताठपणाचा आकडा, आणि अल्कलीत ठेवल्यानंतरची ताकद असायला पाहिजे.

साईटवर आणल्यावर उन्हात टाकून ठेवू नका, रेझिन उन्हानं खराब होतं, ताडपत्री झाका. आणि एक गंमतीची पण महत्त्वाची गोष्ट, हा गज काँक्रीटपेक्षा हलका असतो, काँक्रीट हलवून बसवायचा व्हायब्रेटर लावला की वर यायला बघतो, म्हणून त्याची जाळी खाली नीट बांधून ठेवायची, नाहीतर गज जिथं पाहिजे तिथं राहणारच नाही. लोखंडाच्या जाळीत ही काळजी कधी करावी लागत नाही म्हणून मिस्त्री लोक विसरतात.

तात्यांचं घर लोखंडातच चाललंय. गोठ्याच्या कोब्याला मात्र आम्ही ८ एमएमचा बेसाल्टचा गज घेतला, रिपोर्ट बघून, शंभर मीटरचं एक वेटोळं दहा किलोच्या आसपास. टेम्पोतून उतरवायला माणसं बोलवायच्या आधीच तात्यांचा नववीतला नातू एक वेटोळं खांद्यावर टाकून गोठ्यापर्यंत पोचला होता. वेटोळं सोडताना मात्र त्याला मी लांब उभं केलं, तार कापली की हा गज जोरात उसळून सरळ होतो. जाळी नायलॉनच्या टायनं बांधली, खाली दीड-दीड फुटावर कव्हर ब्लॉक, आणि उसळू नये म्हणून मधे मधे खिळा ठोकून जाळी खाली धरली. तात्या अर्धा दिवस उकिडवे बसून एकेक टाय ओढून बघत होते.